डावा नळ

१

कुवेतमध्ये उन्हाळ्यात नळ उलटे चालतात. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर तापतात, त्यामुळे उजव्या, म्हणजे थंड पाण्याच्या नळाखाली हात धरला तर चटका बसतो. म्हणून मे महिना लागला की इथली शहाणी माणसं गीझर बंद करून टाकतात. गीझर घरात, एसीच्या गारव्यात. त्याच्या टाकीतलं पाणी दिवसभर निवतं आणि संध्याकाळी डाव्या नळातून, जिथून हिवाळ्यात कढत पाणी येतं तिथून, सुखाचं गार पाणी येतं. पण टाकीभरच. ते संपलं की मागून गच्चीवरचं तापलेलं पाणी येतं, मग ते निवेपर्यंत बसा वाट बघत. ही युक्ती इथे प्रत्येक जण नव्या माणसाला सांगतो. मला शेजारच्या मुझफ्फरने सांगितली होती.

मी धैर्यशील. नाव ठेवताना आईवडिलांनी जरा घाईच केली. मीना अब्दुल्लाला, रिफायनरीच्या भागात, एका कंत्राटदार कंपनीत अकाउंट्स बघतो आणि महबूल्यात राहतो. शाळेला सुट्टी लागल्यावर बायको मेधा आणि मुलगी आर्या कोल्हापूरला मेधाच्या बहिणीकडे गेल्या. मला एकटं राहायला आवडतं असं मी बोलून गेलो होतो, आणि मेधाने ते चांगलंच लक्षात ठेवलं होतं. ऑफिसातून यायचं, बूट दारात भिरकवायचे, बादली डाव्या नळाखाली सरकवायची आणि तांब्यांमागून तांबे अंगावर ओतायचे, एवढंच माझं दिवसातलं सुख होतं.

एका संध्याकाळी पहिलाच तांब्या खांद्यावर घेतला आणि मी बोंबललो. डाव्या नळाचं पाणी चटके देत होतं. गीझरचा लाल दिवा बघितला, बंद होता. याचा अर्थ एकच निघत होता. टाकीतलं गार पाणी कोणीतरी आधीच वापरून गेलं होतं. घरात कोणीतरी दुपारी मनसोक्त आंघोळ केली होती.

चावी माझ्याकडे, दुसरी मुझफ्फरकडे, आणि मुझफ्फर दिवसभर फहाहीलच्या दुकानात. मी टॉवेल गुंडाळूनच खाली उतरलो आणि हारिसला, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराला, फैलावर घेतलं. त्याने माझ्या टॉवेलकडे बघितलं आणि आकाशाकडे बोट दाखवलं.

"सैफ," तो म्हणाला. "सैफ, बाबा." उन्हाळा आहे, बाबा.

मला त्याचा संताप आला, स्वतःचाही आला. त्याच दुपारी ऑफिसात मला पहिल्यांदा चक्कर आली होती, पण त्या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघायचं मला तेव्हा सुचलं नाही.

२

चक्कर म्हणजे खोली फिरते, डोळ्यांपुढे अंधारी येते, असं लोक सांगतात. माझं तसं नव्हतं. माझी मान पुढे जायची. कोणीतरी मानेवर हात ठेवून सावकाश खाली वाकवावी तशी. मग डोक्याला खाज सुटायची, कपाळापासून मागे, मागून कानांपर्यंत. आता माझ्या डोक्यावर खाज सुटण्यासारखं फारसं शिल्लक नाही. कानांच्या वर दोन झुपके आहेत, बाकी मैदान मोकळं. पण खाज अशी यायची की डोळ्यांत पाणी उभं राहायचं.

आपल्या लोकांना दुखणं सांगायची सोय नाही. सांगितलं की औषध येतंच. ऑफिसातला तुळशीदास म्हणाला, "समुद्राचं पाणी गोडं करून देतात इथे, त्यानेच होतंय. बाटलीच्या पाण्याने डोकं धुवा." धुतलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने प्रेशर बघितलं, साखर बघितली, बी-ट्वेल्व्ह आणि डी व्हिटॅमिन तपासलं. डी कमी निघालं, पण ते इथे सगळ्यांचंच कमी असतं. या उन्हात बाहेर बसतो कोण? मग त्याने मला पलंगावर आडवं करून डोकं कडेच्या खाली लोंबकळवलं आणि एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे वळवलं. कानातले बारीक खडे जागचे हलले की चक्कर येते म्हणे. खडे जागेवर बसवून, वर कोंड्याचा शॅम्पू आणि मानेचे व्यायाम देऊन त्याने मला घरी पाठवलं.

मुझफ्फरची बायको जमिला बाटली घेऊन दारात आली. "भाई, हे करंजेल. त्यात लिंबू पिळा, कापूर चुरगाळा आणि रोज लावा. आमच्याकडे दापोलीला पोरांच्या डोक्याला खाज आली की हेच लावतात."

"त्याच्या डोक्यात खाज नाय, वहिनीची आठवण आहे," मुझफ्फर मागून म्हणाला. "त्याचं तेल अजून कोणी काढलं नाय."

तेलाचा वास आठवडाभर उशीला राहिला. खाज काही गेली नाही.

त्या आठवड्यात व्हिडिओ कॉलवर मावशी आर्याचे केस विंचरत होती. आर्या नऊ वर्षांची, पण केस कमरेच्या खाली. या फ्लॅटमध्ये आल्यापासून ते असे काही वाढले होते की शाळेतल्या बाया थांबवून विचारायच्या. मला त्याचा फार अभिमान होता. कॉलवर मात्र ती रडकुंडीला आली होती.

"आऊच! मावशी, स्लोली!"

"बघ की तुझी लेक," मेधा मला म्हणाली. "तिकडे स्वतः डोकं धुते, स्वतः विंचरते, वेणी घालूनच बाहेर येते. तास तास बाथरूममध्ये, पण केस कसे रेशमासारखे. इथे आल्यापासून सगळं विसरलीय."

"देअर इट डझन्ट हर्ट," आर्या फुरंगटून म्हणाली.

"तिकडे दुखत नाही म्हणे! मग इथंच बरं दुखतंय?" मावशी हसली. आम्हीही हसलो.

३

माझं पोट हिशेबावर चालतं, त्यामुळे हे फार दिवस लपून राहणार नव्हतं. ज्या दुपारी चक्कर येई, त्याच संध्याकाळी डाव्या नळाचं पाणी गरम निघे. चक्कर नसली तर पाणी गार.

मी सगळ्या सरळ कारणांच्या मागे लागलो. पाण्याचा दाब कमीजास्त होत असेल. गीझर गळत असेल. प्लंबर आणला. त्याने सगळं खोलून दाखवलं, सगळं ठीक होतं. मग मी म्हटलं, उन्हाने आधी चक्कर येत असेल आणि चक्कर आलेल्या माणसाला पाणी गरम लागत असेल. हे कारण मला आवडलं. दोन दिवस मी त्याच्यावर खूश होतो.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाथरूममध्ये आर्याचं निळं प्लास्टिकचं स्टूल ओलं होतं. मी ते जाताना वॉशिंग मशीनमागे ठेवलं होतं. ते बादलीच्या शेजारी होतं आणि त्याच्यावर गुलाबी तांब्या पालथा घातलेला होता.

मी ओरडलो. रिकाम्या घरात, एका स्टुलावर ओरडलो, याची लाज पुढे बराच वेळ पुरली. मग गीझरखालचा व्हॉल्व्ह करकचून बंद केला. डावा नळ कोरडा पडला. आता कर आंघोळ, मी मोठ्याने म्हणालो.

दुसऱ्या दुपारी मान वाकली नाही. खाज मात्र आली, आणि या वेळी ती खाज नव्हती, नखं होती. कोरडी. पुढून मागे, पुन्हा पुढून मागे, काहीतरी हाताला लागेल म्हणून चाचपणारी. मी कॉन्फरन्स रूममध्ये दोन्ही हातांनी डोकं धरून बसलो आणि साहेब बजेटबद्दल बोलत राहिले. घरी येताना लिफ्टमध्ये मुझफ्फर भेटला.

"भाई, मांजर पाळलीत काय?"

मी मानेला हात लावला. बोटांना रक्त लागलं. मागे, डोक्याच्या टाळूपासून मानेपर्यंत, चार सारख्या रेघा होत्या. मी नखं वाढवत नाही, मेधाला चालत नाही.

रात्र मी कशीबशी काढली आणि सकाळी ऑफिसला जायच्या आधी व्हॉल्व्ह पुन्हा उघडला. घे बाई, म्हणालो. 'बाई' का म्हणालो ते मलाही कळलं नाही.

४

मग शुक्रवार आला. सुट्टीचा दिवस, भर दुपार. पुरुषमंडळी नमाजाला गेली होती आणि इमारत सुन्न पडली होती. खिडकीच्या काचांना हात लाववत नव्हता इतक्या त्या तापल्या होत्या. मी हॉलमध्ये डोक्याला करंजेल थापून बसलो होतो. मी घरात असताना हे कधी झालं नव्हतं, त्यामुळे निर्धास्त होतो.

आधी बादलीवर तांब्याची कड घासल्याचा आवाज आला. मग पाणी. थोडा वेळ काही नाही. पुन्हा तांब्या, पुन्हा पाणी.

मी जागचा हललो नाही. ऐकत राहिलो. माणूस स्वतः आंघोळ करतो तेव्हा पाणी भसाभस ओततो. हे पाणी तसं पडत नव्हतं. ते बारीक धारेने, थांबत थांबत पडत होतं. लहान मुलाचं डोकं धुताना, साबण डोळ्यांत जाऊ नये म्हणून आई कपाळावर आडवा हात धरून ओतते तसं. आणि हे मला नुसत्या आवाजावरून कळलं नव्हतं. माझ्या कपाळावर तो हात होता. थंडगार, ओला, घट्ट दाबून धरलेला.

माझी मान वाकली. मी उठलो, भिंत धरली आणि वाकलेल्या मानेनेच पॅसेजमधून निघालो. डोकं वर करता येत नव्हतं, त्यामुळे मला फक्त फरशी दिसत होती आणि माझी पावलं. बाथरूमचं दार किलकिलं होतं. खालून पाण्याचा ओहोळ बाहेर येत होता.

फटीतून मला दिसलं ते जमिनीपासून फार तर हातभर उंचीपर्यंतचं. निळं स्टूल. त्याच्यावर कोणीतरी बसलेलं, त्या स्टुलावर मावणार नाही एवढं मोठं. भिजून काळं झालेलं वस्त्र. फाकलेले गुडघे. आणि गुडघ्यांच्या मधे, जिथे पाटावर एखादं मूल पाठमोरं बसावं, तिथे कोणीच नव्हतं. पण दोन हात तिथे काम करत होते. लांब, पांढरट, बोटांची टोकं पाण्याने सुरकुतलेली. ते हात हवेत फेस चोळत होते, आणि त्या फेसाला डोक्याचा आकार होता. एका लहान डोक्याचा.

माझ्या टकलावरून ती बोटं फिरत होती. कानामागे, मग मानेच्या खळग्यात, मग खाली, जिथे केस सुरू होऊन कमरेपर्यंत जायला हवेत तिथे. तिथे ती थांबली. चिमटीत काही धरायला गेली. काहीच लागलं नाही.

फेस खाली फरशीवर सांडला. दोन्ही हात सावकाश वळले आणि दाराकडे, माझ्या रोखाने, उघडे झाले. त्या हातांना मी नको होतो. एवढी गोष्ट मला अगदी स्वच्छ कळली. कोणी मला इतकं नको म्हटलेलं नाही, माझ्या साहेबांनीसुद्धा नाही.

५

त्यानंतरचा तासभर मी अनवाणी, डोक्यावर तेल घेऊन, गाडीत एसी लावून बसलो होतो. नमाजाहून परतलेला मुझफ्फर काच वाजवून "काय झालं?" म्हणाला, तर मी "गरम होतंय" एवढंच बोललो. काय सांगणार होतो? मला माझ्या डोक्याची काळजी उरली नव्हती. ऑगस्ट संपत आला होता, शाळा उघडणार होती, आणि आर्या त्या बाथरूममध्ये परत येणार होती. जिथे तिला दुखत नव्हतं.

मी रिग्गईत एक फ्लॅट बघितला. मालक म्हणाला, चावी पुढच्या महिन्यात. मी मेधाला फोन लावला आणि म्हटलं, घर बदलतोय, तुम्ही महिनाभर उशिरा या.

"तिकिटं काढलीत. शाळेचं काय? आणि मला न विचारता घर?" मग तिने अगदी हळू विचारलं, "धैर्यशील, घरात कोणी बाई आहे का?"

मला 'नाही' म्हणता आलं नाही. लग्नानंतर मी मेधाला बऱ्याच थापा मारल्या असतील, पण ही एक जमेना. तिने फोन ठेवला.

मग मला राग आला. भीतीपेक्षा राग बरा, त्याने हातपाय तरी चालतात. सकाळी ऑफिसला निघताना मी गीझरचा काटा शेवटपर्यंत फिरवला आणि बटण दाबलं. लाल दिवा लागला. आधीच तापलेलं पाणी, वर गीझर. घे, म्हटलं. धू आता.

दुपारी मी कँटीनमध्ये वरण-भाताचा डबा उघडत होतो. कपाळावर तो थंड हात आला. मग पाणी.

तुळशीदास पुढे सांगायचा की मी खुर्चीसकट मागे पडलो आणि डोक्यावर काहीच सांडलेलं नसताना डोकं पुसा, डोकं पुसा, असं ओरडत राहिलो. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत माझ्या डोक्यावर फोड आले.

६

हॉस्पिटलात त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, कोणतं केमिकल होतं? रिफायनरीच्या बाजूचा माणूस म्हटल्यावर त्यांना तेच सुचणार. मी नाही म्हणत राहिलो. डोक्याला बँडेज बांधलं, इंजेक्शनं दिली. मधले काही दिवस मला नीट आठवत नाहीत.

पण भान आलं तेव्हा डोकं शांत होतं. जखम ठणकत होती, ते वेगळं. खाज नव्हती. मान वाकत नव्हती. घरात लाल दिवा जळत होता आणि त्या पाण्याला कोणालाही हात लावता येत नव्हता. मी जिंकलो, असं मला वाटलं. बिल येईल ते येवो, महिनाभर गीझर तसाच ठेवायचा आणि सरळ रिग्गई गाठायची, असं मी ठरवलं.

एका सकाळी बँडेजखाली पुन्हा खाज सुरू झाली. आधी हलकी, मग भाजलेल्या कातडीवरून नखं, पुढून मागे. मी नर्सला हाक मारली. ती म्हणाली, जखम भरते तेव्हा खाजतंच.

तेवढ्यात मुझफ्फर डबा घेऊन आला. जमिलाने पेज दिली होती.

"भाई, खुशखबर आहे. वहिनी आल्या! मीच कळवलं त्यांना, तुम्ही बेशुद्ध होता. पहाटेच्या विमानाने उतरल्या, एअरपोर्टवरून मीच आणलं. पोरगी केवढी उंच झालीय! घरी सोडलं त्यांना, अंघोळ करून येतायत."

मी उठून बसलो. "घरी?"

"मग कुठे? काल मी जाऊन घर बघून आलो, एसी लावला, दूध ठेवलं. आणि भाई, तुम्ही पण कमाल करता. या उन्हाळ्यात गीझर चालू! बरं झालं माझ्याकडे चावी होती. बंद केला तो. एसी होताच, रात्रभरात मस्त गार झालं असणार पाणी."

त्याने ते इतक्या प्रेमाने सांगितलं की मला त्याच्यावर ओरडताही आलं नाही. त्याच्या जागी मी असतो तरी मीसुद्धा तेच केलं असतं. कुवेतमधल्या कुठल्याही शेजाऱ्याने केलं असतं.

मी फोन शोधत होतो. डोक्यावर नखं चालली होती, जोरात, चिडून. आणि नंबर लावता लावता ती उचलली गेली. एकदम. कोणी हाक मारल्यावर हातातलं काम टाकून उठावं तशी. भाजल्याचा ठणकासुद्धा थांबला. आयुष्यात मला आरामाची इतकी भीती कधी वाटली नव्हती.

"काय रे, कसा आहेस?" मेधाचा आवाज अजून रागातच होता, पण त्यात काळजी होती. "किती घाबरवलंस. आम्ही अर्ध्या तासात निघतो. आर्या आंघोळीला गेलीय."

"तिला बाहेर काढ. मेधा, आत्ता. तिला बाहेर काढ."

"अरे, काय झालं? थांब, ओरडू नकोस. आर्या! बाबांचा फोन आहे! आर्या, आवर!"

फोनमधून मला बाथरूम ऐकू येत होतं. तांब्याची कड बादलीवर घासली. मग बारीक धार. थोडा वेळ काही नाही. पुन्हा तांब्या, पुन्हा धार.

"वेट ना, मम्मा," आतून आर्याचा आवाज आला, सुस्तावलेला, मान खाली घालून बोलल्यासारखा. "शी हॅजन्ट फिनिश्ड."

"कोण?" मेधा म्हणाली. "आर्या, कोण शी? दार उघड." मग कडी खडखडली. मग जोरात खडखडली. मग मेधा दारावर हात आपटायला लागली आणि फोन कुठेतरी पडला. पाण्याचा आवाज तसाच येत राहिला, सावकाश, थांबत थांबत.

मुझफ्फर माझा खांदा धरून विचारत होता, "भाई, काय होतंय? चक्कर येतेय का?"

चक्कर नव्हती. खाज नव्हती. माझं डोकं अगदी शांत होतं.